मधलीच्या चुका

तिला सगळे मधली म्हणत. थोरली आणि धाकटी यांच्या मधली, म्हणून मधली. थोरली लग्न होऊन गेली आणि कुणाची वहिनी, कुणाची काकू, पुढे कुणाची सासू झाली. धाकटीचंही तसंच. मधली मात्र केस पिकले तरी मधलीच राहिली. ज्या दोघींच्या मधे ती होती त्या कधीच्या आपापल्या संसारात लांब गेल्या, ही एका खोलीत एकटी, तरी नाव तेच. आता याला काय म्हणावं!

तिचं काम आजारी माणसांचं. हे काम तिने शोधलं नव्हतं, ते तिच्या गळ्यात पडलं. आईने अंथरूण धरलं तेव्हा थोरलीचं लग्न ठरत आलेलं आणि धाकटीचं अजून नाक पुसून द्यायचं वय. वडील म्हणाले, "मधलीला ठेवू घरी, तशीही ती वर्गात मागच्याच बाकावर बसते." झालं, शाळा सुटली. आईनंतर वडील, मग थोरलीच्या सासूचं मोडलेलं हाड, मग धाकटीची बाळंतपणं. घरातली दुखणी संपली तेव्हा शेजारपाजारची सुरू झाली आणि बघता बघता तोच धंदा झाला. लोक एकमेकांना विचारत, "मधली मोकळी आहे का?" मधली मोकळीच असायची. तिला कोण अडवून ठेवणार होतं?

आणि या कामाचा एक जाच असतो, तो बाहेरच्याला कळत नाही. माणूस बरं झालं की त्याला सगळ्यात आधी मधली नकोशी होते. जिला महिनोनमहिने न्हाऊमाखू घातलं ती बाई रस्त्यात भेटली तर दुकानांच्या पाट्या वाचत पुढे निघून जाते. तिचाही दोष नाही म्हणा. आपल्याला कुणी तशा अवस्थेत पाहिलंय हे कुणाला आठवायचं असतं? आणि माणूस बरं झालंच नाही, तर मग बोलायलाच नको. काहीही झालं तरी मधलीने आपली पिशवी उचलायची आणि चालू लागायचं. इतक्या घरांतून ती वावरली, पण "मधले, तुला काय वाटतं ग?" असं तिला कुणी विचारलं नाही. गोळी दिली का, चादर बदलली का, एवढेच काय ते प्रश्न.

अशात ती बाईंच्या घरी आली.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. उभा जन्म इंग्रजी शिकवण्यात गेलेला आणि आता म्हातारपणी विसरण्याचा आजार जडलेला. मुलगा आणि सून सकाळी कामावर जायचे ते दिवेलागणीला परत यायचे. मधला सगळा दिवस बाई आणि मधली. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीसमोर पलीकडच्या इमारतीची पाण्याची टाकी, टाकीवर कबुतरं. आत एक खाट, एक खुर्ची, एक टेबल आणि त्यावर दिवा. पहिल्याच दिवशी सून म्हणाली, "मावशी, आधीच सांगते. आई जेवत नाहीत. तोंडच उघडत नाहीत. आधीच्या दोघी कंटाळून सोडून गेल्या. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल."

मधलीला हट्टी माणसं नवी नव्हती. पण बाईंनी तिच्याही नाकी नऊ आणले. चमचा ओठांशी नेला की बाई ओठ घट्ट मिटायच्या आणि भिंतीकडे बघायच्या. गोड बोलून झालं, रागावून झालं, गाणी म्हणून झाली. वाटीतला मऊ भात गार व्हायचा आणि तसाच परत जायचा. एके दुपारी खोलीत अंधारून आलं म्हणून मधली वाटी-चमचा हातात घेऊनच टेबलावरचा दिवा लावायला गेली. खटका दाबला आणि खाटेवरून खणखणीत आवाज आला, "टर्न ऑन!"

मधली दचकलीच. या बाईंना आवाज आहे हेच तिला माहीत नव्हतं.

"टर्न ऑन म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"फिरवणं?" मधली चाचरत म्हणाली.

"उभी राहा!"

मधली उभीच होती, तरी आणखी ताठ उभी राहिली.

"बाक कुठला तुझा?"

"मागचा," मधली म्हणाली. खोटं कशाला बोलायचं.

"वाटलंच मला. मागच्या बाकावरच्यांना वाटतं, बाईंना काही दिसत नाही. दिवा लावणं म्हणजे टर्न ऑन. मालवणं म्हणजे टर्न ऑफ. आणि एखादा पाहुणा न सांगता अचानक उगवला तर त्याला काय म्हणायचं?"

मधली आ वासून बघत राहिली. प्रश्न विचारून झाल्यावर बाईंचंही तोंड उघडंच राहिलं होतं, उत्तराची वाट बघत. मधलीच्या हातात चमचा होता. इतक्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप पुढे गेला आणि घास आत. बाईंनी तो चावला, गिळला आणि म्हणाल्या, "टर्न अप!"

त्या दिवशी वाटी रिकामी झाली. सुनेने संध्याकाळी ती वाटी उलटीसुलटी करून पाहिली आणि मधलीकडे अशा नजरेने बघितलं, जणू भात हिनेच खाल्ला असावा.

मग रोज दुपारी शाळा भरू लागली. बाईंची शिकवायची रीत निराळी होती. नुसतं पाठ केलेलं त्यांना चालायचं नाही, करून दाखवायचं. चष्मा घाल, पुट ऑन. काढ, टेक ऑफ. खाली पडलेला रुमाल उचल, पिक अप. मधलीचे गुडघे कुरकुरायचे, पण ती उठायची, बसायची, वाकायची. "हे जे बारके बारके शब्द आहेत ना, अप, ऑफ, आऊट," बाई सांगायच्या, "या नुसत्या शेपट्या आहेत. शेपूट बदललं की जनावर बदललं. आणि त्यात अवघड काय आहे? आपल्याकडे नाही का? पाऊस पडतो, प्रश्न पडतो, माणूस आजारी पडतो, एखादी गोष्ट महागात पडते, कुणी एकटं पडतं. सगळं पडणंच, पण त्यात कुणाला लागतं का?"

"शेवटच्यात लागतं, बाई," मधली म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे चष्म्याच्या वरून बघितलं. मग म्हणाल्या, "पुढे."

लवकरच मधलीला या शाळेचा एक नियम कळला. एका दुपारी तिने तीन-चार उत्तरं लागोपाठ बरोबर दिली. आदल्या दिवशीचीच तर होती! बाई म्हणाल्या, "छान. बस खाली." आणि संपलं. डोळे भिंतीकडे, ओठ मिटलेले. वाटी निम्मी भरलेली. कितीही हाका मारल्या तरी बाई काही परत आल्या नाहीत. म्हणजे बरोबर उत्तर आलं की तास संपला, चुकलं की तास चालू. मधलीने मनाशी खूणगाठ बांधली. दुसऱ्या दिवसापासून ती चुकू लागली.

चुकणं सोपं वाटतं हो, पण करून बघा. मधलीने "टेक आफ्टर" म्हणजे "नंतर घेणं" असं सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला आणि समजावलं, "अग, नाही. पोर आईच्या किंवा बापाच्या वळणावर जातं ना, ते टेक आफ्टर." इकडे चार घास आत. दोन दिवसांनी मधलीने तीच चूक पुन्हा केली, तर बाई कडाडल्या, "हे परवाच चुकलीस तू!" घ्या! पोटच्या मुलाला "आपण कुठल्या वर्गातल्या मुलाचे पालक?" असं विचारणाऱ्या बाईंना मधलीच्या चुका मात्र पक्क्या लक्षात.

म्हणजे रोज नवी चूक हवी. आणि धड चूक करायची तर आधी बरोबर काय ते ठाऊक पाहिजे, नाहीतर चुकून बरोबरच उत्तर द्यायचं माणूस. मधलीने रद्दीच्या दुकानातून पाठपोट फाटलेलं एक इंग्रजीचं पुस्तक आणलं. आपल्या खोलीत संध्याकाळी बसून ती ओठ हलवत वाचायची. पुट अप विथ, म्हणजे सोसणं, चालवून घेणं. लुक डाऊन ऑन, म्हणजे तुच्छ लेखणं. रन आऊट ऑफ, म्हणजे जवळचं संपून जाणं. अर्थ पाठ झाला की मग त्याच्या शेजारी एक चांगली ठसठशीत चूक रचायची. "रन आऊट ऑफ मिल्क म्हणजे दुधातून पळत बाहेर येणं." ही चूक सुचली तेव्हा ती एकटीच खो खो हसली. हसून झाल्यावर खोली इतकी गप्प झाली की तिने उगाच उठून नळ सोडला आणि बंद केला.

दुसऱ्या दिवशी ती चूक ऐकून बाईही हसल्या. ठसका लागेपर्यंत हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "कुठून आणतेस ग हे?" मधलीला आकाश ठेंगणं झालं. कुणी तरी तिला विचारलं होतं, तू हे कुठून आणतेस. सुट्टीचा दिवस तिला खायला उठायचा. सकाळपासून ती उद्याच्या चुका घोळवत बसायची आणि कधी एकदा उद्या उजाडतो असं तिला व्हायचं. थोरलीचा फोन आला, "आमच्याकडे ये चार दिवस, यांना बरं नाहीये," तर आयुष्यात पहिल्यांदा मधली म्हणाली, "जमणार नाही, माझी शाळा आहे." थोरलीला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नळीचं नाव कुणी काढेना. सगळं कसं सुरळीत चाललं होतं, आणि एका सकाळी मुलगा कामावर जाताना दारात थांबला.

"मावशी, एक विचारू? आई तुमच्याकडे कुठल्या मुलीबद्दल बोलते का हो?"

"कुठल्या मुलीबद्दल?" मधलीने विचारलं.

"कोण जाणे. शाळेतली असेल जुनी कुणीतरी. रोज आम्ही घरी आलो की तिचाच घोर. मागच्या बाकावरची एक मुलगी आहे म्हणे, रोज नवीन काहीतरी चुकते. परीक्षा तोंडावर आली आणि तिला काही येत नाही. माझंच शिकवणं कमी पडलं, पोरीचं वर्ष वाया जाणार, म्हणून रडत बसते. डोळ्याला डोळा लागत नाही तिच्या. डॉक्टर आता झोपेचं जोराचं औषध देणार आहेत. पुढच्या आठवड्यापासून. त्याने मग दिवसाही गुंगीतच राहील म्हणतात." त्याने बूट घातले. "जेवते एवढं बरं आहे. ते तुमच्यामुळे." आणि तो जिना उतरून गेला.

दार लावून मधली तिथेच उभी राहिली.

काय करायचं ते तिला त्या क्षणीच कळलं होतं. उगाच नाही कशाला म्हणायचं. मुलगी पास झाली की बाईंचा घोर मिटणार, झोप लागणार, औषधाची गरज उरणार नाही. आणि मुलगी पास झाली की शाळाही सुटणार. पण मधली स्वतःला सांगू लागली, की बाई मग जेवणार कशा? चुकले नाही तर घास कसा जाणार? नळी घालतील त्यांना! ऐकायला किती बरं वाटतं नाही? अहो, भाताचं निमित्त होतं. चुकणं बंद केलं तर उपाशी मधली राहणार होती, आणि हे तिचं तिलाही पक्कं माहीत होतं. म्हणून आज नको, उद्या बघू, असं करत तिने दिवस ढकलले. ती चुकतच राहिली. फक्त आता बाई हसल्या तरी तिला हसू येईना.

मग तिने मधला मार्ग काढला. मधलीच ती! अर्धी उत्तरं बरोबर द्यायची, अर्धी चूक. त्याने तर आगीत तेल ओतलं. पहिली दोन उत्तरं बरोबर आली तशा बाई उशीवरून पुढे सरकल्या, चेहरा उजळला. "हं, हं, येतंय तुला! आता सांग, लुक फॉरवर्ड टू?"

"पुढे तोंड करून चालणं," मधली म्हणाली.

बाईंचा चेहरा पडला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, मधलीचा हात हातात घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "तुझं नाही ग चुकत," त्या म्हणाल्या. "माझंच कुठेतरी चुकतंय. सगळ्यांना शिकवलं आणि तुला एकटीलाच मला शिकवता आलं नाही. घरी काय सांगशील तू?"

एवढं पुरे झालं. मधलीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिला तिथे बसवेना. मोरीत जाऊन तिने तोंड धुतलं, पदराने पुसलं, बाहेर आली आणि बाईंच्या समोर हात मागे बांधून उभी राहिली.

"बाई, माझी परीक्षा घ्या."

"आज?" बाई घाबरल्या. "तयारी झाली का तुझी?"

"झाली. विचारा."

बाईंनी चष्मा चढवला. "गिव्ह अप?"

"हार मानणं, सोडून देणं."

"पुट ऑफ?"

"पुढे ढकलणं. आज करायचं ते उद्यावर टाकणं."

"लुक आफ्टर?"

"सांभाळणं. काळजी घेणं."

"वाक्य कर."

मधलीने वाक्य केलं. आय लुक आफ्टर माय टीचर. बाईंनी मान डोलावली आणि पुढचं विचारलं. मग आणखी पुढचं. ब्रेक डाऊन, कॅरी ऑन, रन आऊट ऑफ, पुट अप विथ. मधलीकडून उत्तरं धडाधड येत होती, आणि खरं सांगायचं तर तिला सुख होत होतं. इतके दिवस मूग गिळून बसलेली माणसं बोलायला लागली की थांबत नाहीत, तसं तिचं झालं. आपल्याला एवढं येतं हे कुणाला तरी कळावं अशी केवढी इच्छा आपल्या मनात होती, ते तिला तेव्हाच समजलं. बाईंनी विचारायचं थांबवलं तरी ती आपली सांगतच होती, टेक आफ्टर म्हणजे हे, लुक फॉरवर्ड टू म्हणजे आतुरतेने वाट बघणं. शेवटी बाईंनीच हात वर केला.

"पुरे. पुरे ग. पास झालीस तू."

तो हात मधलीच्या डोक्यावर ठेवायला त्या उठू बघत होत्या, म्हणून मधलीच खाली वाकली. पिकल्या केसांवरून तो हात कितीतरी वेळ फिरत राहिला.

"आता उद्यापासून यायला नको तुला," बाई म्हणाल्या.

"अजून थोडं शिकवा ना, बाई," मधली म्हणाली. "अजून खूप राहिलंय."

"नाही ग. होतं ते सगळं देऊन झालं. जा, घरी जाऊन सांग. वाट बघत असतील."

बाई आडव्या झाल्या आणि भर दुपारी लहान मुलासारख्या गाढ झोपल्या. वाटी तशीच राहिली. मधली खुर्चीत बसून त्यांचा श्वास ऐकत राहिली आणि संध्याकाळ झाल्यावर पिशवी घेऊन निघाली. आपल्या खोलीचं कुलूप उघडताना तिला वाटलं, आत कुणी असतं तर आत्ता या दारातूनच ओरडून सांगितलं असतं, मी पास झाले म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा हसतमुखाने दारात आला. "मावशी, कमाल झाली! आई रात्रभर शांत झोपली. त्या मुलीचं नावसुद्धा काढलं नाही. सकाळीच डॉक्टरांना फोन केला, औषध नको म्हणाले."

मधलीचा जीव भांड्यात पडला. खरोखरच पडला, त्यात खोट नव्हती. दुपारी ती वाटी घेऊन बाईंच्या समोर बसली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, पदर नीट केला आणि अदबीने म्हणाल्या, "या. बसा ना. आपल्याला कुठेतरी पाहिलंय."

आपल्याला! काल "तू" होती ती. रागावून का होईना, "तू" होती.

एक चूक तिने राखून ठेवली होती. सगळ्यांत चांगली, एखाद्या खास दिवसासाठी. आता ती कधी वापरायची? तिने घसा खाकरला आणि वर्गातल्यासारखी ताठ बसली. "बाई, शो ऑफ म्हणजे खेळ बंद पडला, असंच ना?"

ती वाट बघत राहिली. बाई आता कपाळाला हात लावतील, आता हसतील, निदान उभी राहा तरी म्हणतील.

बाईंनी कौतुकाने मान हलवली. "अगबाई, इंग्रजी येतं वाटतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "शिकलेल्या दिसता. मला मेलं ते कधी जमलंच नाही हो."

मधलीला रडू आवरेना. बाईंनी तिच्याकडे काळजीने बघितलं. रडता रडताच तिने चमचा भरून पुढे केला. घास जाणार नाही, ओठ मिटतील, मग पुन्हा काहीतरी करावं लागेल, अशी तिला अजून थोडी आशा होती. पण पाहुणीचं मन मोडू नये म्हणून की काय, बाईंनी मुकाट्याने तोंड उघडलं. एकेक घास करत त्यांनी सगळा भात संपवला, एक शीत मागे ठेवलं नाही. मधलीने वाटी धुऊन पालथी घातली. दुपार अजून सगळी बाकी होती.